सासूबाईंचं बटण

लोकांचे दात उपटणाऱ्या डॉक्टरीणबाईंची आज स्वतःचीच दातखीळ बसली होती. समोर काँक्रीटचं गोल मैदान, त्यावर टँकरने नुकतंच पाणी सोडलेलं, मधे प्लास्टिकच्या शंकूंचं रिंगण. त्याच्याभोवती जोरात सलग तीन फेऱ्या मारायच्या होत्या. एकही शंकू पाडायचा नाही, ब्रेकला पाय लावायचा नाही आणि गाडी गरगरू द्यायची नाही. जमलं तर कागदावर वन्संची सही आणि उद्या खरा ट्रॅक. नाही जमलं तर बसा बोंबलत, कारण परवापासून ट्रॅक डागडुजीसाठी आठ महिने बंद.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, शर्यती गाजवलेली आणि आता इथे शिकवणारी. दुसऱ्याच्या हातच्या गाडीत त्या बसत नसत. भावाच्या लग्नात नवरानवरीची गाडीसुद्धा त्यांनीच हाकली होती, आणि ही नवी नवरी मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसली होती. भीती तिथेच वाटली आणि वेडही तिथेच लागलं.

गाडी घसरायला लागली की आपणहून ब्रेक लावून तिला सरळ करणारी यंत्रणा गाडीत होती. पाऊल वाकडं पडायच्या आत आवरणारी, म्हणून वन्संनी तिला नाव ठेवलं होतं सासूबाई. स्वतःच्या आईचा एवढा मान त्यांनीच राखावा! बटण दाबलं की सासूबाई झोपायच्या आणि समोर पिवळा दिवा लागायचा.

डॉक्टरीणबाईंनी बटण दाबलं. दिवा लागला. पहिल्याच फेरीत गाडीचं बूड सुटलं, अठरा वर्षांच्या सवयीने पाय ब्रेकवर गेला आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरून गचका खाऊन बंद पडली.

"नजर कुठे होती?" वन्सं कडेवरून ओरडल्या.

"शंकूवर!"

"मग शंकूकडेच जाणार ना गाडी! जायचंय तिकडे बघ. आणि दाढ उपटतेयस का? हात सैल सोड!"

तिने इंजिन पुन्हा सुरू केलं. आणि काय सांगावं, या वेळी जमलंच! बूड जरा हललं की गाडी शहाण्यासारखी सरळ. एक फेरी, दोन, तीन! ती आत एकटीच "जमलं! जमलं!" म्हणून किंचाळली. वन्सं कागद आणि पेन घेऊन येताना दिसल्या.

तेवढ्यात तिची नजर समोर गेली. पिवळा दिवा बंद होता.

इंजिन बंद पडून पुन्हा सुरू केलं की सासूबाई आपोआप जाग्या होतात, आणि बटण पुन्हा दाबायचं ती साफ विसरली होती. हे कुणाला कळणार होतं? टँकरवाला पाइप गुंडाळत होता. उद्याचा ट्रॅक दोन पावलांवर होता. तिला रडूच यायला लागलं.

तिने काच खाली केली. "वन्सं, सही करू नका. बटण दाबायचं राहिलं. त्या फेऱ्या मी नाही मारल्या, सासूबाईंनी मारल्या."

वन्संनी कागदाची घडी घातली. "टँकरात थोडं पाणी उरलंय. एकदाच होईल."

या वेळी तिने बटण दाबलं आणि दिव्याकडे दोनदा पाहिलं. मग निघाली. बूड सुटलं, पाय ब्रेककडे वळला, तिने तो अर्ध्यातून मागे घेतला. ॲक्सिलरेटर किंचित सैल केला. नजर बाजूच्या काचेतून, जायचं होतं तिकडे. हात आपोआप घसरणीच्या दिशेने वळले, गाडी सावरली, तिने लगेच स्टिअरिंग सरळ केलं. पुन्हा सुटली, पुन्हा सावरली! आता गाडी काय करणार ते तिला बसल्या जागी, कमरेतून, आधीच कळत होतं. फेऱ्या वेड्यावाकड्या होत होत्या, एक शंकू बोटभर अंतराने वाचला, पण आनंदाने तिचा ऊर फुटायची वेळ आली होती. तिसरी फेरी संपली तेव्हा ती हसत होती आणि घामाने चिंब झाली होती.

वन्संनी बॉनेटवर कागद ठेवून सही ठोकली.

"मघाशीच केली असतीत, मी बोलले नसते तर?"

"बहिरी आहे का मी? आई जागी असली की ब्रेक खर्रखर्र करतात, पार कडेपर्यंत ऐकू येतं. पेनाचं टोपणसुद्धा काढलं नव्हतं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"उद्या ट्रॅकवर तुझ्या पुढेमागे माणसं असतील. चुकलीस तर तू सांगतेस की नाही, ते मला बघायचं होतं."

एवढं बोलून त्या गाडीला वळसा घालून पलीकडे गेल्या. टँकरवाला पाइप हातात धरून बघतच राहिला. वन्संनी शेजारचं दार उघडलं, आत बसल्या आणि पट्टा करकचून आवळला.

"चल," त्या म्हणाल्या, "पाणी सुकायच्या आत एक फेरी मलाही दाखव."