व्हर्नाचा कोट आणि हुडॉकबाईंची भिंत

त्या जानेवारीत आमच्या घरात इतकी थंडी होती की भिंतीवरच्या घड्याळातला कोकीळ दर तासाला दार उघडायचा, बाहेर नजर टाकायचा आणि एक शब्द न बोलता आत जायचा. लोणी मी करवतीने कापत होतो. आणि हे सगळं चालू असताना खोलीच्या मधोमध स्टोव्ह धडधडून पेटलेला होता! हेच मला कळत नव्हतं.

स्टोव्ह साधासुधा नव्हता. माझ्या आजीच्या लग्नाआधीचा, बिडाचा, माणसाच्या उंचीचा, निकेलची झालर लावलेला आणि चहूबाजूंनी अभ्रकाच्या खिडक्या असलेला. खालच्या खोऱ्यातल्या एल्वुड राइनहोल्डने दोन वर्षं खपून तो नवा केला होता. गंज खरवडला, फुटक्या जाळ्या पुन्हा ओतल्या, निकेल असं चमकवलं की त्यात तोंड बघून दाढी करावी. स्टोव्ह पेटवला त्याच दिवशी मी आनंदाच्या भरात तळघरातली तेलाची भट्टी उपटून भंगारवाल्याला देऊन टाकली. एकतीस वर्षं मी पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगराखाली कोळसा काढला. कोळशाने घर तापवायचं मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

स्टोव्ह पेटवल्याच्या चौदाव्या दिवशी, बुधवारी, माझी बायको व्हर्ना जाड लोकरी कोट घालून नाश्त्याला बसली.

"झिग, तुझी ही काळी महाराणी दिसायला फार छान आहे. पण हिच्यासमोर माझी कॉफी गोठते."

"तिला घराची सवय होऊ दे."

"चौदा दिवस? मला तुझ्या आईची सवय व्हायला याहून कमी लागले होते." तिने पेला खाली ठेवला. "ऐक. रविवार संध्याकाळपर्यंत हा कोट मी आपण होऊन उतरवला तर ठीक. नाहीतर सोमवारी मी फ्लोरिडाला, बहिणीकडे, डॉलीकडे. थेट एप्रिलपर्यंत. मग बसा दोघं एकमेकांचं तोंड बघत."

बावन्न वर्षांच्या संसारात व्हर्नाने आजवर एकच धमकी दिली होती, आणि ती खरी केली होती. तेव्हापासून मी मिशी ठेवलेली नाही.

मी कामाला लागलो. कोळसा बदलून पाहिला. सकाळ-संध्याकाळ जाळी हलवून राख झाडली, पहिला लाल निखारा खाली दिसेपर्यंत, अगदी नेमाप्रमाणे. वरून सळई एकदाही घातली नाही; आमचा कडक कोळसा वरून ढोसला की रुसून विझतो, हे इथल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. आग निळी, देखणी, घोंघावत वर जाणारी. दिवसाला चार बादल्या कोळसा गिळायची आणि आमचे पाय मात्र गारठलेलेच.

गुरुवारी मी कोणी घसरू नये म्हणून फुटपाथवरच्या बर्फावर राख पसरत होतो. सहज वर पाहिलं तर शेजारच्या हुडॉकबाईंच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या, पडदे बाहेर फडफडतायत, आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या ब्लांच हुडॉक बिनबाह्यांचा झगा घालून चर्चच्या पत्रकाने वारा घेतायत.

आमच्याकडे खाण कंपनीने घरं जोडीनेच बांधलेली: एक छप्पर, मधोमध एक भिंत, भिंतीत दोघांचं मिळून एक धुराडं आणि दोन बाजूंना दोन संसार. त्यांच्याकडे उन्हाळा आणि आमच्याकडे ध्रुवप्रदेश, हे कसं?

"मिसेस हुडॉक, बरं आहे ना?"

"आत ये, झिगी! अँडी आलाय."

अँडी म्हणजे त्यांचे यजमान. अकरा वर्षांपूर्वी त्यांची शवपेटी मी स्वतः खांद्यावरून नेली होती. तरी आत गेलो.

आत भिंतीलगत ठेवलेलं पावाचं पीठ फुगून भांड्याबाहेर पडलं होतं आणि खुर्चीवर जाऊन बसलं होतं. कपांत लावलेल्या टोमॅटोच्या रोपांना फुलं आली होती. चर्चमधून आणलेली मेणबत्ती कमरेत वाकली होती. बाई भिंतीला पाठ लावून बसल्या.

"इथेच बसायचा तो, खाणीतली पाळी संपवून आला की. दोन आठवडे झाले, पुन्हा येतोय. हात लाव ना, लाजतोस काय!"

मी हात लावला. भिंत भाजत होती. मी हात मागे घेतला आणि टोपी काढली. दुसरं काय करावं सुचेना.

"जन्मभर त्याचे पाय बर्फासारखे," बाई हसून म्हणाल्या. "वर जाऊन सुधारला."

मी घरी येऊन व्हर्नाला सांगितलं. तिने कोटाची कॉलर वर केली.

"म्हणजे मेलेला अँडी बायकोला ऊब देतो आणि जिवंत तू देत नाहीस."

शुक्रवारी, शनिवारी मी आणखी कोळसा घातला. आम्ही आणखी गारठलो. हुडॉकबाईंनी कुंपणावरून पिकलेला टोमॅटो दिला. रविवारी प्रार्थनेनंतर घरी आलो तर पलंगावर व्हर्नाची सूटकेस उघडी होती, आत पोहण्याचा पोशाख घडी करून ठेवलेला. मी एल्वुडला फोन केला.

एल्वुड वर्षाला सात-आठ वाक्यं बोलतो. आला, स्टोव्हभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "तुम्हाला कागद दिला होता."

"कसला?"

"पेटवायचा कसा, त्याचा."

"अरे, त्यानेच तर पेटवला! मी एकतीस वर्षं खाणीत..."

"खाणीत कोळसा काढतात. जाळत नाहीत."

मग तो स्टोव्हच्या मागे गेला आणि एका बोटाने छोटा निकेलचा दांडा फिरवला. आतलं घोंघावणं एकदम थांबलं. "पेटवताना ही झडप उघडी. आग धरली की बंद. मग ऊब खाली पायथ्यातून फिरून खोलीत येते. तुम्ही अठरा दिवस नुसतं धुराडं तापवलंत."

तासाभरात कोकीळ बाहेर आला आणि घसा खाकरून चारदा ओरडला. व्हर्नाने एक बटण काढलं, मग दुसरं. कोट खुंटीला लागला. मी एल्वुडला मिठी मारणार, तेवढ्यात दारावर थाप पडली.

दारात हुडॉकबाई. अंगात अँडीचा खाणीतला जुना डगला, डोक्यावर कान झाकणारी त्याचीच टोपी.

"झिगी, अँडी गेला रे. भिंत गार पडली."

व्हर्नाने त्यांना स्टोव्हपाशी बसवलं, हात चोळले. "तुमची भट्टी लावली नाहीत का, मिसेस हुडॉक?"

बाईंनी मान खाली घातली. "ती नाताळातच मेली. आधी म्हटलं, वसंतात बघू. मग अँडी आला. मग कशाला?"

एल्वुडने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं, भिंतीतल्या धुराड्याकडे पाहिलं, आणि सगळं समजावून सांगायला तोंड उघडलं. व्हर्नाने माझ्या पायावर पाय दिला, टाचेसकट.

"झिगी काही म्हणत होता का?"

"उचकी लागली त्याला. तुम्ही इथेच राहा ना आमच्याकडे, हिवाळाभर."

"आणि तो येऊन परत गेला तर? नको बाई. मी घरी नसले की तो रुसायचा."

त्या सूप पिऊन घरी गेल्या.

आता त्यानंतरचं कोडं ऐका. दुसऱ्या दिवसापासून सकाळी मी झडप स्वतःच्या हाताने बंद करतो. दुपारी चारला, पूर्वी खाणीची पाळी सुटायची त्या वेळेला, बादली घेऊन तळघरात उतरतो. परत वर येतो तर झडप उघडी! आग घोंघावतेय, कोकीळ गप्प, आणि भिंतीपलीकडून हुडॉकबाई कोणाला तरी रागे भरतायत.

"व्हर्ना, झडप कोणी उघडली?"

"मला काय ठाऊक? मी इथून हललेसुद्धा नाही."

ते खरंच आहे. ती स्टोव्हला खेटून, हाताच्या अंतरावर बसलेली असते. कोटाची बटणं लावत.

"सूटकेस काढून देऊ का?" मी विचारतो.

"छे! मला जरा हवेशीर बरं वाटतं."

सातला झडप पुन्हा आपोआप बंद. मार्च उजाडला, तरी मला काही उमगलेलं नाही. शेवटी एल्वुडला फोन करून विचारलं. तो म्हणाला, हे कागदात नव्हतं.