वाढत्या मापाची बॅग

मुलाला शाळेचा शर्ट घेताना खांद्याची शिवण दंडावर उतरलेली दिसत असली तरी आपण म्हणतो, असू दे, वाढतं अंग आहे. उज्वलाबाईंनी कॅमेऱ्याची पहिली बॅग याच हिशेबाने घेतली होती. जवळ कॅमेरा एक, त्याच्याबरोबर आलेली छोटी लेन्स एक, आणि बॅग अशी की आणखी तीन-चार लेन्स घालून वर पाहुण्याचं अंथरूणही मावावं.

ती रिकामी राहील अशी काळजी करण्याचं कारण नव्हतं, कारण घरात वाल्मीकराव होते. बाईंचे हे यजमान लासलगावच्या मार्केटात जन्मभर कांद्याचे ट्रक भरून घेत आलेले. गाडीत बोटभर जागा मोकळी दिसली की त्यांना अन्न गोड लागत नसे. नाशकात इंदिरानगरला राहायला आल्यावरही तो गुण गेला नाही. बायको पक्षी बघायला निघणार असली की आदल्या संध्याकाळी ते बॅग पुढ्यात घेऊन बसत आणि लेन्सच्या मोकळ्या कप्प्यांत शेंगदाण्याचे लाडू, टॉवेल, बॅटरी, पाण्याच्या बाटल्या ठासून भरत. "एवढी जागा हाय, मग काय हवा न्यायची का?" असा त्यांचा रोकडा सवाल असे. पक्ष्यांमध्ये त्यांना काडीचा रस नव्हता. बाई टिपत असत तेव्हा ते झाडाखाली वर्तमानपत्र वाचत.

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी मोठी लेन्स घेतली. दंडाएवढी जाड आणि हातभर लांब. ती लावून त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यातली एक जांभळी पाणकोंबडी. नुसत्या डोळ्यांना ती एक गडद ठिपका होती. लेन्समधून तिच्या छातीचा निळा रंग पाठीकडे जाता जाता जांभळा कसा होतो ते दिसलं. लाल चोचीच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबत होता, आणि त्या एवढ्याशा थेंबात सकाळचं ऊन होतं. आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलेल्या बाई एका कोंबडीपुढे अवाक होऊन उभ्या राहिल्या. हे रोज इथे चाललेलं असतं, आपण बघत असू किंवा नसू, या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला. बटण दाबायचं राहूनच गेलं.

मग गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठीही काढाव्या लागल्या. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, डाव्या हाताने जड उचलायचं नाही, त्या खांद्यावर कसला पट्टा नको आणि छातीवरून आडवाही नको. उपचार उरकले, डोक्यावर केस परत आले, आणि बाई सगळ्यात आधी कुठे गेल्या असतील तर पाण्यावर. बॅग उजव्या खांद्यावर घेतली. कालव्याच्या कडेने निरीक्षण मनोऱ्याकडे जाणारी वाट त्यांच्या पायाखालची होती, पण या वेळी पट्टा सारखा घसरायला लागला, मान भरून आली, आणि निम्म्या वाटेत त्यांना बांधावर बसावं लागलं.

"आण इकडं, मी घेतो," वाल्मीकराव म्हणाले.

बाईंनी बॅग दिली नाही आणि त्या पुढेही गेल्या नाहीत. परत गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "विकून टाकू सगळं."

वाल्मीकरावांना वाटलं, दमली असेल. पण गोष्ट दमण्याची नव्हतीच. वर्षभर त्यांनी बायकोला बादली उचलू दिली नव्हती. दुधाची पिशवी तिच्या हातातून काढून घेत. गर्दीत तिच्या डाव्या अंगाला भिंतीसारखे उभे राहत, पण स्वतः मात्र त्या बाजूला बोटही लागू देत नसत. जवळून जाताना अंग चोरत. काळजी खरी होती, म्हणून तर भांडायची सोय नव्हती. बाईंना एवढंच कळत होतं की पाण्यापर्यंत आपलं सामान आपल्या खांद्यावर गेलं तर आपण उज्वला आहोत. तेही नवऱ्याने वाहायचं असेल, तर यापुढे आपण नुसत्या पेशंट.

विकायचं बोलून झालं तरी त्यांच्याने ते होईना. शेवटी एका दुपारी सगळं सामान घेऊन त्या एम. जी. रोडवरच्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात गेल्या. वाल्मीकराव बरोबर होतेच.

दुकानाचा मालक शेखर पस्तिशीतला, बोलघेवडा. त्याने एक बॅग पुढे केली. "मॅडम, ही क्रॉस घालायची. वजन जाणवतच नाही."

"आडवा पट्टा नको," बाई म्हणाल्या.

"का हो? सगळे तसंच घालतात."

"तिचं ऑपरेशन झालंय ना," वाल्मीकराव मध्ये पडले, आणि कुठलं, कुठे, गाठी किती निघाल्या, डॉक्टर काय म्हणाले, सगळी कथा सांगून मोकळे झाले. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. शेखरचा आवाजही एकदम दवाखान्यातला झाला. त्याने आतून चाकांची बॅग आणली.

"कालव्याच्या बांधावर चाकं फिरवू का मी?" बाईंनी विचारलं. त्यांचे कान तापले होते.

शेखरने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा वाल्मीकरावांकडे. "काका, तुम्ही जरा पंख्याखाली बसता का? चहा सांगतो," तो म्हणाला, आणि चाकांची बॅग मुकाट्याने आत गेली.

मग खरी निवड सुरू झाली. एक बॅग दिसायला देखणी, पण रिकामीच एवढी जड की सामान भरायच्या आधीच खांदा कुरकुरला. दुसरी हलकी होती, पण तिची चेन चारी बाजूंनी फिरणारी. ती उघडायला दोन्ही हात लागत, आणि तोवर कुठला पक्षी थांबतो? तिसरी खाकी रंगाची, लहानशी. पट्टा रुंद, आतून खरखरीत, सरळ एका खांद्यावर टाकला तरी जागचा हलेना. झाकण एका हाताने उघडत होतं. छोटी लेन्स लावलेला कॅमेरा आत अलगद आडवा झाला. बाई ती घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्या आणि पुन्हा एकदा गेल्या. दुसऱ्या खेपेला उसाच्या रसाच्या गाड्यापाशी त्यांच्या लक्षात आलं की आपण खांद्याचा विचारच करत नाही आहोत. भर रस्त्यात त्यांचे डोळे भरून आले.

अडचण एकच होती. मोठी लेन्स त्या बॅगेत जाईना. सरळ घालून पाहिली, तिरकी घालून पाहिली.

"याच्यावरचं माप आहे," शेखर म्हणाला. "थोडीशीच जड पडेल."

"मोठीच घे," पंख्याखालून आवाज आला. "पुढं लागंल."

बाई हसल्या. "माझं अंग काही आता वाढायचं नाही. हीच द्या."

घरी येऊन मोठी लेन्स कपाटात ठेवताना मात्र त्यांचं मन खट्टू झालं. छोट्या लेन्समध्ये पक्षी तिळाएवढा दिसणार. तीळ बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? पण आपल्या पायांनी, आपलं ओझं घेऊन मनोऱ्यापर्यंत एकदा पोचायचंच, एवढं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

जानेवारीतल्या एका सकाळी दोघं निघाले. पाण्यावर धुकं होतं, पलीकडे उसाचे फड अर्धवट दिसत होते. बाई पुढे, आणि मागे लाडवांची कापडी पिशवी घेतलेले वाल्मीकराव, कारण नव्या बॅगेत लाडवाला जागा नव्हती. मागच्या वेळी जिथे बसल्या होत्या ती जागा आली आणि गेली. मनोरा आला. पट्टा खांद्यावर जिथल्या तिथे होता. वर चढून बाईंनी कठड्याला हात टेकवले.

धुकं विरलं. पाणी लांबवर पसरलेलं आणि त्यावर बदकंच बदकं. कॅमेरा डोळ्याला लावला तर अपेक्षेप्रमाणे तीळ.

"एक मिनिट," वाल्मीकराव मागून म्हणाले. त्यांनी पिशवीत हात घातला, टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टॉवेल सोडला. मोठी लेन्स. "मी आणली. लाव."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे सगळ्या वाटेने हे आपलं ओझं वाहत आले. म्हणजे आपण पोचलो ते अर्धंच पोचलो. "मी घरी ठेवली होती ना?"

"पिशवीत जागा होती," वाल्मीकराव ओशाळून म्हणाले. "म्हटलं, नाय तर तुझं मन लागायचं नाय."

बाई काय बोलल्या असत्या देव जाणे. तेवढ्यात पाण्यावरून एक भोवत्या आला. हा शिकारी पक्षी घाईत नसतो. तो खालून, सावकाश, लव्हाळ्याला घासत आला, आणि सगळं पाणी उठलं.

आधी आवाज आला. हजारो पंखांचा एकदम उठलेला आवाज कानांनी ऐकू येतच नाही, तो छातीत ऐकू येतो. काठापासून काठापर्यंत जे काळं पसरलेलं होतं ते वर गेलं आणि खाली नुसतं पांढरं पाणी उरलं. वर गेलेलं वळलं, वळताना एकदम उजळलं, पुन्हा काळं झालं. एक थवा दुसऱ्यातून आरपार गेला तरी पंखाला पंख लागला नाही. मागून आणखी उठले, त्यांच्या मागून आणखी. मनोऱ्यावरचं ऊन विझल्यासारखं झालं आणि अंगावर गार वारा आला. तो पंखांचा वारा होता.

कॅमेरा कधी डोळ्याला गेला ते बाईंना कळलं नाही. छोट्या लेन्समध्ये पाणी होतं, बाभळी होत्या, सगळं आभाळ होतं आणि ते फिरतं काहीतरी होतं ज्याला अंत नव्हता. मोठ्या लेन्समध्ये यातलं एक बदक आलं असतं. त्यांनी बटण दाबलं, परत दाबलं, आणि मग हात आपोआप खाली आले. वर्षभर त्यांना रोज मरणाची भीती वाटली होती. ती या क्षणी कुठे गेली नव्हती, पण समोर जे चाललं होतं ते इतकं मोठं होतं की त्यात ती भीतीही मावून गेली, आणि आपणही. आपण हे बघायला आहोत, एवढंच त्यांना पुन्हा पुन्हा वाटत राहिलं.

"अगं," शेजारून आवाज आला. जन्मात कधी पक्ष्याकडे मान वर न केलेले वाल्मीकराव तोंड उघडं टाकून उभे होते. एका हाताने लेन्स पोटाशी धरलेली, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी बायकोचा दंड पकडला. डावा दंड. पकडला आणि हिसडून स्वतःकडे ओढला. "अगं, तिकडं बघ. उज्वला, तिकडं बघ ना. लय हायेत गं."

खांद्यापासून कोपरापर्यंत कळ गेली. वाल्मीकरावांना पत्ताच नव्हता. थवा डोक्यावरून गेला तसे ते दंड हलवत राहिले, लहान पोर आईला हलवतं तसे. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांना बायकोच्या आजारपणाची आठवण राहिली नव्हती.

चांगलंच दुखत होतं. उज्वलाबाई अजिबात हलल्या नाहीत, नवऱ्याचा हात तसाच राहावा म्हणून.