जेवायचा हात

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे आणि दुकानावरचीही नव्हे. वनस्पती तुपाच्या डब्याचा कापून सपाट केलेला पत्रा, त्यावर पांढरा रंग आणि मधोमध लाल 'एल', एवढीच मी. गाडी शिकणाऱ्याच्या गाडीला मला पुढं बांधतात. मी दिसले की लोकांनी ओळखायचं, आत बसलेला अजून कच्चा आहे, जरा लांबून चाला. दुसऱ्याचं कच्चेपण कपाळावर मिरवायचं हा माझा धंदा.

माझा जन्म एकोणीसशे पंचावन्न साली चिंचवडात दत्तोबा पेंटरच्या हातून झाला, आणि जन्मतःच घोटाळा झाला. मला करून घ्यायला आलेला हिंदुराव म्हणाला, "दत्तोबा, लाल येल काढा ह्याच्यावर." खेड्यात वेलाला येलच म्हणतात. दत्तोबानं मोठ्या हौसेनं लाल वेल काढला, पानाफुलांसकट. हिंदुराव कपाळाला हात लावून बसला. शेवटी मला उलटी करून दुसऱ्या बाजूला इंग्रजीतला एल काढला, तेव्हा कुठं मी कामाची झाले.

हा हिंदुराव आकुर्डीचा. त्याचं वावर माळावरच्या नव्या कारखान्यात गेलं होतं आणि बदल्यात घरटी एकाला काम मिळेल असा शब्द दिला होता. लढाईच्या वर्षांत देहूरोडला एका ठेकेदाराच्या ट्रकवर तो आधी क्लीनर होता, मग ड्रायव्हर झाला. म्हणून कारखान्यात यंत्रं बसवायला डेन्मार्कहून आलेल्या साहेबाची जीप त्याच्या हाती आली. साहेबाचं नाव येन्सन. आकुर्डीकरांनी त्याचं दोन दिवसांत 'वेसण' केलं, आणि पुढं तो वेसणसाहेबच राहिला.

साहेबाच्या देशातला परवाना इथं थोडेच महिने चालणार होता. पुढं इथला काढायचा, त्यासाठी पुण्याला परीक्षा द्यायची आणि तोवर शेजारी हिंदुराव आणि पुढं मी. आपल्या देशात वीस वर्षं गाडी चालवलेल्या या साहेबाला माझी लाज वाटेल असं मला वाटलं होतं. त्याला वाटली नाही. उलट रोज सकाळी तो मला फडक्यानं पुसायचा. त्याची अडचण एकच होती. त्याच्या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं जातात, त्यामुळं जरा लक्ष उडालं की हा निघाला उजवीकडे, समोरून ट्रक येवो नाहीतर बैलगाडी.

हिंदुरावाला इंग्रजी येत नव्हतं आणि साहेबाचं इंग्रजीही मोडकंतोडकंच. पहिल्याच दिवशी हिंदुराव क्लीनरच्या जुन्या सवयीनं ओरडला, "राईट!" आपल्याकडे क्लीनर राईट म्हणाला की त्याचा अर्थ 'सगळं ठीक आहे, जाऊ द्या'. साहेबानं गाडी उजवीकडे वळवून सरळ निवडुंगात घातली. माझा एक कोपरा दुमडला तो तेव्हाच. त्या दिवसापासून 'राईट' या शब्दाला जीपमध्ये बंदी झाली आणि हिंदुराव हातानं दिशा दाखवू लागला.

महिनाभर असं बरं चाललं होतं. मग एके दिवशी कारखान्याचे हेडक्लार्क दौलतराव जीपपाशी आले.

"हिंदुराव, तुझी जागा साहेबांच्या परवान्यापुरती आहे, माहीत आहे ना? परवाना आला की साहेब स्वतः चालवणार. मग ड्रायव्हर कशाला?"

"आन मंग मी वं?"

"मग बघू," दौलतराव म्हणाले आणि गेले.

मला जीपला बांधलेल्या तारेला हिंदुरावानं आणखी एक वेढा दिला. वावर गेलेलं, आणि आता हेही जाणार. मी जोवर जीपवर आहे तोवर त्याचं काम आहे, हे त्या दिवशी आम्हा दोघांनाही कळलं. मला तर कुणाच्या पोटाला आधार होण्याची सवयच नव्हती. मी थोडी फुशारले, खोटं कशाला बोलू?

साहेब आणि हिंदुराव परीक्षेची तारीख घ्यायला गेले तेव्हा इन्स्पेक्टर हिंदुरावाला म्हणाले, साहेबाला भाषेची अडचण असेल तर तुम्ही मागं बसून तोंडानं सांगा, पण हात दाखवायचा नाही. झालं. आता शब्द ठरवणं आलं. 'राईट'ला बंदी, आणि उजवा-डावा साहेबाच्या डोक्यात काही केल्या बसेनात. हिंदुरावानं आपल्या बापाकडून शिकलेले दोन शब्द दिले. जेवायचा हात म्हणजे उजवा, धुवायचा हात म्हणजे डावा. त्यानं तोंडाशी बोटं नेऊन 'जेवायचा' समजावलं, पण ती नेली दोन्ही हातांची, कारण त्याच वेळी तो बिडी पेटवत होता. साहेब खूश झाला. त्यानं हवेतच काटा धरल्यासारखा डावा हात उचलला, तोंडाशी नेला आणि म्हणाला, "जेवायचा!"

हिंदुरावानं तो हात बघितला. कारखान्याच्या खाणावळीत साहेब डाव्या हातात काटा धरतो, हे त्यानं खिडकीतून कितीदा पाहिलं होतं. 'न्हाई साहेब, ह्यो न्हवं' एवढंच म्हणायचं होतं. तो म्हणाला नाही. त्यानं बिडीचा झुरका घेतला, दुसरीकडे बघितलं आणि पुढं सरावातही हातच दाखवत राहिला. मला फार वाईट वाटलं, पण मी काय करणार? माझ्या अंगावर एकच अक्षर, तेही इंग्रजी.

परीक्षेच्या दिवशी इन्स्पेक्टर साहेबाच्या शेजारी बसले आणि हिंदुराव मागं. सरळ जाणं, थांबणं, मागं घेणं, सगळं साहेबानं झकास केलं. एका चौकात इन्स्पेक्टर म्हणाले, "उजवीकडे घ्यायला सांगा."

मागची सीट करकरली. मग हिंदुरावाचा आवाज आला, "जेवायचा हात."

साहेबानं गाडी डावीकडे घातली. त्या अरुंद गल्लीच्या तोंडाशीच एक म्हातारी पेरूची टोपली घेऊन बसली होती. मी सगळ्यात पुढं होते. तिचं तोंड माझ्यापासून वीतभर राहिलं होतं. टोपली चाकाखाली गेली, म्हातारी बाजूला कलंडली. देवाची कृपा, तिला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. साहेब खाली उतरून, गुडघ्यावर बसून पेरू वेचत होता आणि तिला हात जोडत होता. हिंदुराव जीपमधून उतरलाच नाही. काम राहावं म्हणून त्यानं एक शब्द गिळला होता, आणि त्यापायी माणूस मरता मरता राहिलं होतं.

साहेब नापास झाला. वाटेत, दापोडीचा पूल ओलांडल्यावर, त्यानं गाडीत डावा हात वर करून विचारलं, "जेवायचा?" तेव्हा हिंदुरावानं खाली मान घालून उजवा हात पुढं केला. साहेबानं कपाळावर हात मारून घेतला. "माझी चूक. मी विचारलं नाही," असं त्यानं हातवारे करून सांगितलं आणि वर हात जोडून हिंदुरावाचीच माफी मागितली. मारलं असतं तर हिंदुरावाला बरं वाटलं असतं.

पुढची गंमत ऐका, गंमत म्हणवत नाही पण ऐका. चूक पुन्हा होऊ नये म्हणून साहेबानं उजव्या हातानं जेवायचं ठरवलं. रोज दुपारी तो हिंदुरावाच्या ओसरीवर पाटावर मांडी घालून बसे, हातानं भाकरी मोडायला शिके. हिंदुरावाची बायको सोजराबाई त्याला आग्रह करकरून वाढायची.

"घ्या की साहेब, भाकरीसंगं अजून कोरड्यास घ्या," ती म्हणायची. मग नवऱ्याकडे वळून, "तुमी का वं जेवत न्हाई? चार दीस झालं, ताटातलं तसंच ऱ्हातंय."

"भूक न्हाई," हिंदुराव म्हणायचा.

अंगणातल्या जीपवरून मला सगळं दिसायचं. साहेबाची बोटं पोळायची, कालवण मनगटापर्यंत ओघळायचं, आणि घास तोंडात गेला की तो शाळेतल्या पोरासारखा उजवा हात वर करून ओरडायचा, "जेवायचा!" सोजराबाई हसायची. हिंदुराव उठून बैल नसलेल्या गोठ्यात जाऊन उभा राहायचा.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी इन्स्पेक्टर तेच, चौकही तोच. हिंदुरावानं या वेळी थांबून विचार केला नाही. "जेवायचा हात, साहेब. सावकाश घ्या," तो मोठ्यानं म्हणाला. साहेबानं हात दाखवला, गाडी उजवीकडे वळली, अगदी लोण्यासारखी. परवाना मिळाला.

परत आल्यावर कारखान्याच्या फाटकापाशी हिंदुरावानं माझी तार सोडली. साहेब समोर उभा होता. हिंदुरावानं टोपी काढली आणि एका दमात बोलून टाकलं.

"साहेब, मला ठावं व्हतं. तुमी कंच्या हातानं जेवता त्ये म्या आदीच बगितलं व्हतं. काम जाईल म्हून म्या गप ऱ्हायलो. ती म्हातारी मेली असती, साहेब. तुमी त्या हातानं चुकला न्हाई, म्या चुकवलं. मला माफी करा."

साहेबानं नीट ऐकून घेतलं. एवढ्या सगळ्यातला त्याला एकच शब्द कळला, हात. तो हसला आणि त्यानं आपला उजवा हात पुढं केला. हिंदुरावाला तो हातात घ्यावा लागला. साहेबानं तो जोरजोरात हलवला, खांद्यावर थाप मारली आणि जीप घेऊन एकटाच निघून गेला.

या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. हिंदुराव दुसऱ्याच्या बैलगाडीवर कारखान्याला वाळू पोचवतो. मी त्याच्या अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याचं दार आहे, गंज चढला आहे, कोंबड्या मला मान देत नाहीत. वेसणसाहेब काम संपवून गेल्या वर्षी आपल्या देशी गेला. जाताना तो भेटायला आला होता, सोजराबाईच्या हातचं जेवून गेला. हिंदुराव त्या दिवशी मुद्दाम वाळूच्या खेपेला गेला होता.

मला जास्त काही मागायचं नाही. तुमच्यापैकी कुणी कधी डेन्मार्कला गेलं, तिकडची बोली शिकलं आणि येन्सन नावाचा उंच म्हातारा भेटला, तर त्याला त्याच्या भाषेत एवढंच सांगा. परवाना मिळाला त्या दिवशी फाटकापाशी हिंदुराव तुमचा निरोप घेत नव्हता, माफी मागत होता. ती द्यायची की नाही, ते तुम्ही अजून ठरवलेलं नाही.