शेऱ्याचा रकाना

रिपोर्टताईंनी जोडणीचं टोकन तिसऱ्यांदा चुकीचं टाकलं. पहिल्या दोन वेळा घाईत हात चुकला होता. या वेळी मात्र त्यांनी शेवटून तिसरं अक्षर जाणूनबुजून बदललं. पडद्यावर लाल पट्टी आली. जोडणी झाली नाही.

"असू दे हो," शेजारच्या खुर्चीतल्या बाई म्हणाल्या. "चाळीस अक्षरं आहेत, कुणाचंही चुकेल. फक्त आता चुकवू नका. चौथ्यांदा चुकलं की तासभर कुलूप लागतं. मग बसा हात चोळत."

या बाई हेड ऑफिसकडून आल्या होत्या. सकाळी ओळख करून देताना त्यांनी 'पाइपलाइन' हा शब्द निदान सात वेळा वापरला, आणि चहा येईपर्यंत ऑफिसनं त्यांचं नाव प्लंबरबाई ठेवून टाकलं. ते त्यांच्या कानावर गेलं, आवडलंही. टोकन त्यांनी सीलबंद पाकिटातून, कागदावर छापून आणलं होतं, कारण ते ई-मेलनं पाठवायला बंदी होती. कॉम्प्युटरच्या सुरक्षेचा भार शेवटी कागदावरच आला, यावर सगळे मनसोक्त हसले होते. रिपोर्टताईही हसल्या होत्या.

काम तसं सरळ होतं. कंपनी लिफ्टची देखभाल करायची. मेकॅनिक काम हाती घेताना फोनवर नोंद उघडायचा आणि लिफ्ट दुरुस्त करून खाली आला की फॉर्म पुरा भरायचा: कुठली इमारत, काय बिघाड, किती वेळ गेला, पहिली दुरुस्ती की फेरदुरुस्ती. ते सगळं अ‍ॅनालिटिक्सच्या प्लॅटफॉर्मवर जमा व्हायचं. दर सोमवारी रिपोर्टताई तिथून आकडे उतरवून घ्यायच्या, आपल्या शीटमध्ये नीट लावायच्या आणि साहेबांना पाठवायच्या. अकरा वर्षांत त्यांचा एकही सोमवार हुकला नव्हता, म्हणून तर ते नाव. आता प्लॅटफॉर्म सरळ पाइपलाइनला जोडला जाणार होता. मेकॅनिकनं भरलेलं तासाभरात हेड ऑफिसला दिसणार होतं. मध्ये शीट नाही, सोमवार नाही आणि रिपोर्टताईही नाहीत.

नोकरी जाईल अशी त्यांना भीती नव्हती. साहेबांनी दुसरं टेबल आधीच दाखवून ठेवलं होतं. त्यांची भीती वेगळी होती आणि दोन वर्षांची जुनी होती.

दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी दादाच्या नावापुढे पाच फेरदुरुस्त्या दिसल्या. दादा म्हणजे कंपनीतला सगळ्यात जुना मेकॅनिक, तसा सगळ्यांचाच दादा. रिपोर्टताईंचा मात्र सख्खा थोरला भाऊ. एकदा दुरुस्त केलेली लिफ्ट आठ दिवसांत पुन्हा बिघडली की तिची नोंद फेरदुरुस्ती म्हणून व्हायची. त्याच महिन्यात साहेबांनी चार फेरदुरुस्त्यांवरून एकाला घरी बसवलं होतं. एखादा आठवडा वाईट जातो माणसाचा, असं म्हणत रिपोर्टताईंनी शीटमधल्या तीन ओळी उडवल्या. पुढच्या सोमवारी चार उडवल्या. त्यापुढे मोजणं सोडलं. प्लॅटफॉर्मवर मात्र त्या ओळी तशाच राहिल्या होत्या. दार अडकतं म्हणजे काही लिफ्ट कोसळत नाही, अशी त्या स्वतःची समजूत घालायच्या, आणि बातम्यांत लिफ्टचं नाव आलं की टीव्ही बंद करायच्या. दादाच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. तेवढे दिवस झाकली मूठ झाकलेली राहिली की सुटलो, असा त्यांचा हिशोब होता.

दादाला त्यांनी याबद्दल कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर आपण दर सोमवारी काय करतो तेही सांगावं लागलं असतं.

"कधीपासूनच्या नोंदी ओढायच्या?" प्लंबरबाईंनी विचारलं. "हेड ऑफिसनं तीन वर्षं सांगितलीत."

"आजपासून घेतलं तर? जुनं फार विस्कळीत आहे हो."

"जुनं सगळीकडेच विस्कळीत असतं. म्हणून तर माझं पोट चालतंय."

त्या मोकळेपणी हसल्या. चोराच्या मनात चांदणं. रिपोर्टताईंना ते हसणंसुद्धा आपल्यावरच रोखलेलं वाटलं. त्यांनी कागद जवळ ओढला, बोट ठेवून एकेक अक्षर टाकत गेल्या आणि शेवटून तिसरं पुन्हा चुकीचं टाकलं.

"लागलं कुलूप!" प्लंबरबाई उठल्या. "चला, देवानंच जेवायची सुट्टी दिली. तुम्ही येताय?"

"तुम्ही व्हा पुढे. मला भूक नाही."

त्या गेल्यावर रिपोर्टताईंनी प्लॅटफॉर्म उघडला. सात नंबरचा मेकॅनिक, म्हणजे दादा, गेली दोन वर्षं, फक्त फेरदुरुस्त्या. एकशे त्रेसष्ट ओळी समोर आल्या. आकडा एवढा असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी सगळ्या ओळी निवडल्या आणि 'काढून टाका'वर क्लिक केलं. प्लॅटफॉर्मनं विचारलं: नोंदी कायमच्या काढायच्या? खाली बारीक अक्षरांत होतं, की काढणाऱ्याचं नाव आणि वेळ जपून ठेवली जाईल. मागून कुणीतरी ड्रॉवर ओढला, तर त्या खुर्चीतल्या खुर्चीत दचकल्या. त्यांनी 'नाही'वर बोट ठेवलं, पडदा बंद केला आणि जिन्यात जाऊन दादाला फोन लावला.

"बोल, ठमे."

"कुठे आहेस?"

"शिडीवर."

"आधी खाली उतर."

"फोन करायचा तू आणि शिडी उतरायची मी," दादा म्हणाला. पण तो उतरला. त्याच्या बुटांचा पायऱ्यांवरचा आवाज ऐकू येत होता, एकेक करून. त्याला बराच वेळ लागला.

"आज ती नवी जोडणी होतेय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही फोनवर जे भरता ते आता सरळ हेड ऑफिसला जाणार. माझ्या हातून नाही."

"सगळं?"

"सगळं. जसंच्या तसं. म्हणून म्हणते, पुन्हा जावं लागलं तरी फेरदुरुस्ती नको टाकूस. नवी तक्रार म्हणून टाक. सगळेच टाकतात."

"मी नाही टाकत."

"ते माहीत आहे रे मला!"

जिन्यात आवाज घुमला. त्यांनी वर-खाली पाहिलं.

"जेवलीस का?" दादानं विचारलं.

"दादा, मी काय सांगतेय तुला?"

"कळलं मला. तू जेवून घे."

फोन ठेवल्यावर त्यांना रडू यायला लागलं, पण रागानं. या माणसाला कधी स्वतःचं भलं कळलं नाही. आईनं वाढायचं थांबवलं की हा ताटावरून उठायचा. आणखी वाढ, असं त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. ऑफिसातही तसाच. दोन वर्षं आपण त्याच्यासाठी जीव टांगणीला लावून बसलोय, आणि हा विचारतो, जेवलीस का.

कुलूप उघडलं तेव्हा प्लंबरबाईंनी टोकनचा कागद आपल्या हातात घेतला. "मी वाचते, तुम्ही टाका." आता चुकवायला जागाच नव्हती. हिरवी खूण आली. प्लंबरबाईंनी तीन वर्षांपूर्वीची तारीख टाकली, नोंदींचे तक्ते निवडले आणि बटण दाबलं. कोपऱ्यातला आकडा पळू लागला. दोन हजार, नऊ हजार, तीस हजार. रिपोर्टताईंनी टेबलाची कड धरून ठेवली. एकसष्ट हजारांवर आकडा थांबला.

"झालं," प्लंबरबाई म्हणाल्या. "आता नमुना बघू, नीट आलंय का."

पडद्यावर तक्ता उघडला. तो उजवीकडे सरकतच राहिला.

"एवढे रकाने?" रिपोर्टताईंनी विचारलं. "बाराच असतात ना?"

"तुमच्या रिपोर्टात बारा लावलेत. फॉर्ममध्ये सव्वीस आहेत. बाकीचे दाखवायचे कुणी कधी चालूच केले नाहीत. पाइपला त्याचं काय? आहे ते सगळं ओढतो." त्यांनी अगदी टोकाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "आणि हा शेरा. फॉर्मच्या तळाशी असतो. यात लोक काय वाट्टेल ते लिहितात, बघा."

ठीक. ठीक. ओके. नुसतं टिंब. वॉचमन किल्ली देत नाही. ठीक. तिसऱ्या मजल्यावर कुत्रा आहे, सांभाळून. ठीक.

"हा गाळून टाकू का? वाचत तर कुणीच नाही."

"थांबा," रिपोर्टताई म्हणाल्या.

दोन टिंबांच्या मध्ये एक लांब ओळ होती. मेकॅनिक नंबर सात.

"फक्त सात नंबर लावता येईल? जुनं सगळ्यात वर?"

प्लंबरबाईंनी ते लावून दिलं.

पहिला शेरा दोन वर्षांपूर्वीचा होता. *उजवा हात थरथरतो. स्क्रू पक्का बसला की नाही खात्री नाही. दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावं.* चार दिवसांनी: *पुन्हा तीच लिफ्ट. चूक माझी. दुसऱ्याला पाठवावं.* मग आठवड्याला दोन, कधी तीन. *डॉक्टर म्हणतात हे वाढणार. खालचं काम दिलं तर करीन.* *रिपोर्ट करणाऱ्यांनी कृपया साहेबांच्या कानावर घालावं.* हे वाक्य नऊ वेळा होतं, शब्दही न बदलता. मग शेरे आखूड होत गेले. *हात.* *हात.* *तेच.* मग कित्येक महिने इतरांसारखं नुसतं टिंब.

रिपोर्टताईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. दादाला वाटत होतं, बहीण वाचते. सगळे फॉर्म तिच्याकडे जातात, म्हणजे ती वाचतच असणार. तोंडानं मागणं त्याला जमत नव्हतं, म्हणून त्यानं त्याला जमेल तिथे मागितलं होतं, आणि दर आठवड्याला तिच्या उत्तराची वाट पाहिली होती. आणि ती दर सोमवारी बसून त्याच्या ओळी उडवत होती. त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की प्लंबरबाईंकडे मान वळवून पाहवेना.

"कोण आहेत हे?" प्लंबरबाईंनी हळूच विचारलं.

"माझा भाऊ."

त्या शेवटच्या ओळीवर आल्या. तारीख आजची होती, वेळ त्यांच्या फोननंतर दहा मिनिटांनी. *आजपासून सगळं वर दिसतं असं कळलं. मला शिडीवरचं काम देऊ नये.* त्याखाली आणखी एक ओळ होती, अजून पुरी न भरलेली. मेकॅनिक सात, नवी इमारत, नववा मजला, काम चालू. तिथे शेरा रिकामा होता.

"हा रकाना गाळू नका," रिपोर्टताई म्हणाल्या. "रिपोर्टात पहिला लावा."

त्यांनी टेबलावरचा फोन उचलला आणि काम वाटून देणाऱ्याला लावला.

"सात नंबरला शिडीवरून खाली उतरवा. आत्ता, लगेच. तिथे दुसरा माणूस पाठवा, आणि त्यानं सोडलेलं काम तपासून घ्या. आणि साहेब जागेवर असले तर त्यांना थांबवून ठेवा, मला त्यांना काही सांगायचंय."

"अहो ताई, असं कसं उतरवू? कुणी सांगितलं?"

"त्यानंच सांगितलंय."

"दादानं? कधी?"

रिपोर्टताईंनी तक्ता पुन्हा वर सरकवला आणि पहिल्या शेऱ्याची, दोन वर्षांपूर्वीची तारीख वाचून दाखवली.