सिरसाळ्याची हलगी

सर्जेरावांनी पोराशी बोलणं टाकलं त्याला नऊ दिवस झाले होते. कारण एकच, हलगी. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि गावाच्या पालखीपुढे, मयतीत, पाटलाच्या लग्नात जी हलगी बडवावी लागायची ती स्वतःच्या हाताने चुलीत घातली. या घरात पुन्हा कुणी तिला हात लावायचा नाही, असं बजावून म्हातारा गेला. आणि विलासने, पुण्यात नोकरी करणाऱ्या शिकल्यासवरल्या विलासने, ती वाजवली. तीही लपूनछपून नाही, चांगली अल्बममध्ये, जगजाहीर.

अल्बममध्ये आफ्रोबीट होतं, लॅटिन ताल होते, काळ्या अमेरिकनांचं सोल जीव ओतून गाणारी एक बाई होती आणि मधोमध ही हलगी कडाडत होती. विलासच्या आईने, पंचशीलाबाईंनी, मोबाईलवर ते ऐकलं आणि नकळत त्यांचा पाय हलला. सर्जेरावांना तो पाय दिसला. ते भरल्या ताटावरून उठले.

रजेवर आलेल्या विलासने परोपरीने समजावलं. गुलाम करून नेलेल्या आफ्रिकेच्या लेकरांनी आपले ढोल टाकले नाहीत, उलट त्यांच्यावर जग नाचवलं. आणि मी काही कुणाच्या हुकमाने वाजवत नाही. सर्जेराव भिंतीकडे बघत राहिले. पोराचं बोलणं खोटं नव्हतं, याचाच त्यांना जास्त राग येत होता.

त्या दुपारी माजी सरपंच मोहनराव दारात आले. एरवी या गल्लीत मतं मागायलाच फिरकणारा माणूस. गावाचं नाव काढलंस म्हणाले, गाडीत तुझंच गाणं लावलंय म्हणाले, आणि मग जत्रेत वाजवायची गोष्ट काढली. स्टेजवर का, असं विलासने विचारलं.

"स्टेज कशाला? पालखीपुढं. तुझ्या आज्याचा मानच हाय त्यो. मधी जरा खंड पडला, एवढंच."

विलास उठून उभा राहिला. "न्हाई वाजवणार," तो म्हणाला. "पालखीपुढं न्हाई अन् तुमच्यापुढं तर न्हाईच."

पुण्याचं वारं लागलंय, असं म्हणत मोहनराव हसतच निघून गेले. विलास वडिलांकडे वळला. आता तरी पाठीवर हात पडेल, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"सत्तर वर्षं झाली," सर्जेराव म्हणाले. "ह्या दारात येऊन हलगीचं नाव काढायची कुनाची छाती झाली न्हवती. तू न्हाई म्हनलास, लई चांगलं केलंस. पर त्यो आला कावून, त्येवढं सांग."