सातव्या पायरीची करकर

दचकू नका, मी बोलतेय. जिन्याची सातवी पायरी. तसं दचकण्याचं काम माझंच. कुणाचं पाऊल पडलं की माझ्या तोंडून 'कर्रर्र' निघालंच. मुद्दाम नाही हो करत, जन्माची खोडच आहे ती.

आमचं घर रांगेतल्या बारा घरांपैकी पाचवं. दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे उजेड काय तो पुढून आणि मागून. मधला जिना भर दुपारीही अंधारा. सरळ चढत यायचं आणि माझ्यापाशी उजवीकडे वळायचं.

माझ्यामुळे किती जण पकडले गेले! परीक्षेच्या दिवसांत खेळायला सटकणारा मुलगा माझ्यावर आला, की वरून बाबांची हाक यायची, "कुठे निघाली स्वारी?" तो आता दोन मुलींचा बाप झालाय, पण अजून मला ओलांडूनच जातो.

बाबांचं मात्र वेगळं होतं. गेली दोन-तीन वर्षं ते पाऊल चाचपून टाकत. मी करकरले की उजवीकडे वळत. त्यांची नजर अधू होत चालली होती. घरात हे दोघांनाच ठाऊक होतं. त्यांना आणि मला.

मग घराचं नूतनीकरण निघालं. जुन्या घरांच्या नियमामुळे दर्शनी भागाला हात लावायचा नव्हता, आत मात्र मोकळं रान. मागची भिंत काढून काचेचं मोठं दार, स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली एकत्र. आणि नकाशात आमच्या जागी लोखंडी जिना! तो कागद माझ्याच अंगावर पसरला होता हो. माझे तर खिळे सैल झाले.

सुनेने सुताराला जिना दाखवला. त्याने मला ठोकून पाहिलं.

"लाकूड खणखणीत आहे, ताई. घर तुमचं, पण हे उपटायला मला सांगू नका."

"बरं, राहू दे. तासून पॉलिश तरी कराल ना?"

मी सुटकेचा निःश्वास टाकला. जरा लवकरच टाकला.

कारण जाता जाता त्या भल्या माणसाने, कुणी न सांगता, माझ्याखाली पाचर ठोकली आणि चार स्क्रू आवळले. "करकर बंद, ताई. ही माझ्याकडून भेट!"

काम संपल्यावर सगळे भाड्याच्या घरातून परतले. मुली उजेडात नाचल्या. बाबा कपड्यांची चवड घेऊन जिना चढू लागले. माझ्यावर पाय पडला. बाबा, वळा! मी आतून ओरडत होते, पण आवाज फुटेना. ते सरळ गेले, भिंतीवर आपटले आणि माझ्यावरच बसले. चष्मा तीन पायऱ्या खाली.

सून धावली. "लागलं का? काय झालं, बाबा?"

"सातवी बोलली नाही."

"म्हणजे?" तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बाबा, तुम्हाला पायरी दिसत नाही?"

ते चष्म्यासाठी पायरी चाचपू लागले. मुलगा म्हणाला, "आजपासून खालीच झोपा. इथे खोली करून देतो."

"चाळीस वर्षं वरच्या खोलीत उठतोय मी. माझ्याच घरात मला पाहुणा करू नकोस."

सून उठून सुताराला फोन लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी सुतार हजर. "करकर काढा म्हणणारे शंभर भेटले. लावून द्या म्हणणारे तुम्ही पहिलेच!" हसत हसत त्याने स्क्रू सोडले, पाचर ओढली. बाबांनी पाऊल ठेवलं. माझा जीव मुठीत.

कर्रर्र.

"आहे, जागेवर आहे," म्हणत ते उजवीकडे वळले.

आता भिंतीला जाड कठडा आलाय. डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही नेऊन आणलंय. "लपवलंत किती दिवस!" हा सुनेचा टोमणा रोज एकदा असतोच.

मी चकचकीत आहे, ठणठणीत आहे आणि बोलती आहे. मागणं एवढंच की घरी आलात तर माझा आवाज ऐकून नाक मुरडू नका. आणि मला ओलांडू नका.

काल तर खुद्द मुलगाच उतरताना माझ्यावर सगळा भार देऊन उभा राहिला. कर्रर्र! वरच्या खोलीतून लगेच हाक आली, "कुठे निघाली स्वारी?"