जिकोनी

"कारकूनसाहेब, ओल आली का?"

वैशाखातली भर दुपार. मी जेवून नुकताच आडवा झालो होतो आणि शफी मिस्तरी दारात उभा होता. आठवड्यातली ही तिसरी खेप.

"मिस्तरी, पावसाला अजून महिना आहे. ओल कुठून येणार?"

"येऊ नये म्हणूनच विचारतो," असं म्हणून त्यानं बोटाच्या पेरानं भिंत वाजवली, कान लावला, समाधान झालं नाही म्हणून दोन हात पलीकडे पुन्हा वाजवली. मग बाहेर जाऊन दाराची कडी लागते का ते पाहिलं. कडी उत्तम लागली. माझी बायको मंगला आतून म्हणाली, "मिस्तरी, आता काढा ती. आम्ही आत आहोत."

एक नंबरच्या खोलीपासून सुरू झालेली ही तपासणी बारा नंबरपाशी संपायची. बारा नंबरची भिंत मात्र तो वाजवत नसे. ती खोली रिकामी होती. तो नुसता दारासमोर थांबायचा, कुलूप तळहातावर घेऊन वजन पाहिल्यासारखं करायचा, सोडून द्यायचा आणि परत एक नंबरकडे निघायचा. बसलेला असा तो मला कधी दिसलाच नाही.

त्या खोलीत तो बायकोला आणणार होता.

ही चौतीस सालातली गोष्ट. आमचे घरमालक खंडेराव शेठ हे देवळ्याचे कांद्याचे व्यापारी. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात माणसं भरती होताहेत आणि त्यांना राहायला जागा मिळत नाही, ही बातमी त्यांना बाजारभावासारखी वेळेवर कळली. 'चाळ' हा शब्द त्यांना लहानपणापासून ठाऊक होता. फक्त देवळ्याकडे चाळीत कांदे राहतात. "हवा खेळाले पाहिजे, ओल नको, नि भरानं ते निवडीसन भरानं," हे त्यांचं कांद्याचं धोरण त्यांनी माणसांनाही जसंच्या तसं लावलं.

पण माणसांची चाळ बांधायची कशी, हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी शफीला गाठलं. शफी अकरा वर्षं आफ्रिकेत, नैरोबीला होता. शहर वाढत होतं, रेल्वेला मजूर लागत होते, दुकानांना नोकर लागत होते, आणि त्या सगळ्यांसाठी भाड्याच्या खोल्यांच्या रांगाच्या रांगा उठत होत्या. त्यातल्या कितीतरी शफीनं उठवल्या. राहिला एकीतही नाही. जी रांग चालू असेल तिच्या ओसरीत झोपायचं, ती भाड्यानं गेली की पुढच्या रांगेच्या ओसरीत. इकडे त्याची बायको मासूमा नाशकातल्या कोकणीपुऱ्यात भावाच्या घरी, गोणपाटाच्या पडद्यामागे अकरा वर्षं राहिली. शफी परत आला तेव्हा पडद्यामागे दोघं झाली. पडदा तेवढाच राहिला.

त्यानं शेठजींना नैरोबीचा नकाशा काढून दाखवला. जमिनीवर, काडीनं. मधून एक लांब बोळ. सहा खोल्या अलीकडे, सहा पलीकडे. मागं अंगण, नळ, आणि अंगणात सगळ्यांच्या चुलींची एक ऐसपैस पडवी.

"तिकडं असंच असतं, शेठ. खोलीत धूर नाय, काजळी नाय. बाया एका ठिकाणी रांधतात, बोलतात, मीठ सरलं तर शेजारणीचं घेतात. जिकोनी म्हणतात त्याला."

शेठजींना एवढंच कळलं की बारा खोल्यांची बारा धुराडी वाचली. ते खूष झाले. "मिस्तरी, मजुरीशिवाय तुले काय पाहिजे?"

"बारा नंबरची खोली. फुकट नको, भाड्यानं. आणि पावतीवर माझं नाव."

"खोली तुनीच शे," शेठजी म्हणाले. म्हणजे तुझीच आहे. हे वाक्य ते पुढे पुष्कळदा म्हणाले, आणि दर वेळी मनापासून म्हणाले.

पाडव्याला आम्ही राहायला आलो. दर्शनी भिंतीवर 'आधुनिक पद्धतीच्या सोयीस्कर खोल्या' अशी पाटी होती. लोक तिला नैरोबी चाळ म्हणू लागले. पहिल्याच संध्याकाळी शफीनं सगळ्या बायकांना मागच्या पडवीत नेलं. भिंतीच्या कडेनं बारा चुली घातलेल्या, प्रत्येकीच्या वर चुन्यानं नंबर काढलेला. तो एकेका चुलीशी वाकून हात दाखवत होता, जसं काही आतून कुणी बाहेर येणार होतं.

"हे काय म्हणायचं?" एक नंबरच्या अक्काबाईंनी विचारलं. अक्काबाई विधवा होत्या आणि वयानं आम्हा सगळ्यांत वडील.

"जिकोनी."

"जी कोणी काय?"

"जिकोनी, अक्काबाई. समद्यांनी मिळून रांधायची जागा."

अक्काबाईंनी पदर सावरला. "जी कोणी रांधेल ती रांधो बाई. मी नाही."

तेवढ्यावर काम झालं. आमची चूल चार नंबरची, आणि पाच नंबरवाले मटण खात. पाच नंबरवाल्यांना सहा नंबरवाल्यांची जात कळायला हवी होती, आणि सहा नंबरवाले ती सांगत नव्हते. त्या रात्री सगळ्यांनी आपापल्या खोलीत चुली मांडल्या. धुराडं एकाही खोलीला नव्हतं. धूर दारांतून बोळात आला आणि कुणाचा कोण हे न विचारता एक झाला. आम्ही सगळे खोकत होतो, पण आपापल्या घरात खोकत होतो.

शफी बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हेलपाटे घालत होता. "मागं जागा हाये ना, साहेब. मागं बारा चुली हायेत." डोळे तो पुसत होता, पण ते धुरानंच असावं.

पडवी तशीच पडून राहिली. पाच नंबरवाल्यांची शेळी दुपारी तिथं बसू लागली.

पुढच्या महिन्यात शेठजी देवळ्याहून आले. बोळात शिरताच त्यांना ठसका लागला. शफी त्यांच्या मागोमाग चालत होता. "शेठ, बारा नंबरची किल्ली?"

"खोली तुनीच शे, मिस्तरी. फक्त भाडेकरू मंडळीले इचारी लेऊ. मना काय, मी देवळाले ऱ्हास."

मग बोळातच सभा भरली. शफी मागं नळापाशी थांबला. नळ सोडल्याचा आणि बंद केल्याचा आवाज सारखा येत होता.

अक्काबाई म्हणाल्या, "माझी बाई काही हरकत नाही. मिस्तरी देवमाणूस आहे. पण अकरा नंबरवाल्यांची भिंतीला भिंत येते. त्यांचं त्यांनी पाहावं."

अकरा नंबरला गोटीराम राहायचा. त्याचं सायकलींचं दुकान होतं. "माझी कसली हरकत? मी सगळ्यांच्या सायकली दुरुस्त करतो. पण अक्काबाई वडीलधाऱ्या. नळावर त्यांची पंचाईत नको."

आठ नंबरचा सावळीराम छापखान्यात यंत्रावर होता. तो म्हणाला, "आपली बिलकूल नाय. पन आपल्याकडं पाव्हने येत्यात लय. त्ये काय म्हनतील, त्येचा नेम नाय."

असं करत सगळे झाले. शेठजी माझ्याकडे वळले. "कारकून, तुम्ही शिकेल मानूस. तुम्ही सांगा."

"ज्याला सर्वांची संमती, त्याला माझी आहेच," मी म्हणालो.

वाक्य चांगलं होतं. अशाच वाक्यांवर कचेरीत माझं बरं चाललं होतं. मंगलानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला.

अशा रीतीनं कुणाचीही हरकत न निघाल्यामुळे निर्णय पुढे ढकलण्यात आला.

शफीला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी नळापाशी गेलो. त्यानं नळ बंद केला.

"हरकत कुणाची हाये?"

"कुणाचीच नाही."

त्याचा चेहरा असा काही उजळला, की पुढचं बोलायचं ते माझ्या तोंडातच राहिलं. "मग शुक्रवारी आणतो तिला," तो म्हणाला. "नमाज झाली की आणतो." आणि तो कोकणीपुऱ्याच्या दिशेनं जवळजवळ पळतच निघाला. अकरा वर्षं तो अशा मुलखात होता, जिथं 'हरकत नाही' म्हटलं की खोली मिळते. त्याचा गैरसमज झाला होता. तो दूर करण्यासाठी मला चार दिवस मिळाले होते. त्या चार दिवसांत मी त्याला तीनदा भेटलो आणि तिन्ही वेळा ओल आली नाही असं सांगितलं.

शुक्रवारी दुपारी दोन वाहनं एकदमच आली. टांग्यातून मासूमा उतरली. एक पत्र्याची ट्रंक, वळकटी, तवा, दोन पातेली. आणि गोणपाटाचा तो पडदाही घडी करून आणला होता. दुसरी होती लॉरी, देवळ्याहून आलेली. तिच्यातून हमाल पोती उतरवत होते आणि बारा नंबरमध्ये ओतत होते. शेठजी दारात उभे राहून कांदा निवडून घेत होते.

"ये, मिस्तरी," ते म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता. "खोली तुनीच शे. फक्त भाव चढे तवलोंग कांदा ऱ्हाई. खोली काय बांधेल शे तू. हवा कशी खेळस."

आम्ही सगळे आपापल्या दारांत उभे होतो. कांद्याला कुणाचीच हरकत नव्हती, आणि यावेळी ती खरोखरच नव्हती.

शफी बारा नंबरच्या भिंतीपाशी गेला आणि पहिल्यांदाच त्यानं ती वाजवली. आवाज जड आला. "भरली," तो स्वतःशी म्हणाला.

मासूमा कांद्याकडे बघत होती. मग नवऱ्याकडे, मग आमच्याकडे. बुटकी, किरकोळ बाई. काखेत पडदा धरून ती बोळातून सरळ चालत मागं गेली. आम्ही तिला वाट दिली. थोड्या वेळानं तिचा आवाज आला.

"अजी, ये किसका है?"

"जिकोनी है," शफी म्हणाला.

"वो तो दिख रहा है. किसका है?"

त्यावर शेळीला हाकलल्याचा आवाज आला.

शेठजींच्या मनावरचं ओझं उतरलं. "बेस झालं. तठेच ऱ्हाय, मिस्तरी. भाडं बी नको."

तेव्हा शफी पुढे आला. "भाडं नको, तर मी कोण, शेठ? पाव्हना का राखणदार? पावती पाहिजे. कबूल झालंय."

चाळीचं लिहिण्याचं काम माझ्याकडे असे. मी पावतीपुस्तक काढलं. त्यावर 'खोली क्रमांक' असं छापलेलं होतं, आणि पडवीला क्रमांक नव्हता. मी बराच वेळ टाक दौतीत बुडवून बसलो. शेवटी 'खोली' खोडून वर 'चूल' लिहिलं. चूल क्रमांक बारा. भाडेकरू, शफी मिस्तरी. नोकरीत खाडाखोड मी फार केली. एवढी सरळ रेघ दुसरीकडे मारल्याचं आठवत नाही.

शफीनं पावती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग घडी घालून छातीच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात ठेवून तो पडदा बांधायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगला नळावर गेली ती परत येईना. मी बघायला गेलो. मासूमा मातीचं पोतेरं घेऊन चुलींवरून फिरवत होती. एक नंबरपासून सुरुवात करून ती ओळीनं बारापर्यंत आली. मग बारा नंबरची तेवढी पेटवली.

हे रोजच झालं. आठवडाभर पाहून मंगलानं विचारलं, "मासूमाबी, एक तर पेटते. बाराच्या बारा कशाला सारवता?"

मासूमा पोतेरं पिळत होती. तिला चाळीतलं सगळं कळलं असावं, अक्काबाईंचं बोलणंही. "राहू द्या ना, भाभी," ती म्हणाली. "जी कोणी येईल तिला लागेल."

मंगला हंडा घेऊन घरी आली. हे मला सांगून ती आमच्या खोलीतली चूल फुंकू लागली.

शफी अजूनही दुपारी ओल विचारायला यायचा. बारा नंबरची भिंत आता तो रोज वाजवी, आवाजावरून आत कांदा किती उरला ते त्याला कळे. दिवाळीच्या सुमारास आवाज पोकळ आला. तो दिवसभर बोळात फेऱ्या मारत होता. आठवड्यानं नव्या कांद्याची लॉरी आली.

आम्ही त्या चाळीत नऊ वर्षं राहिलो. चार नंबरची चूल आमची होती, भाड्यात धरलेली. ती एकदाही पेटली नाही, आणि एकदाही मळलेली दिसली नाही.